निर्लेखनाचे बारा फोटो

दिनांक ५ मे २०२५, सोमवार
सकाळी ६ वाजून ४० मिनिटे, वाशीम

सुकेशनीताई,
जय भीम.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा मी पासपोर्ट फोटो कापत होतो. एका कागदावर आठ बसतात. सातवा कापताना कात्री एका बाईच्या कानावरून गेली, तेव्हा समजलं की आज हात ठिकाणावर नाही. कात्री ठेवून पेन घेतलं.

तू माझा नंबर बंद केला आहेस, म्हणून पत्र. तुझा नागपूरचा पत्ता आईकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, ती देत नव्हती.

कामाचं आधी लिहितो. आपल्या गावची जुनी बोर्डाची शाळा पाडणार आहेत. चावडीवर नोटीस लागली आहे. १४ तारखेला सामानाचा लिलाव, म्हणजे सागाची लाकडं, छतावरचे कवेलू, विटा आणि दगड. १५ पासून पाडकाम. आज धरून दहा दिवस उरले आहेत.

त्या शाळेच्या बाहेर बसून आबा शिकला आणि खिळ्याने दगडावर अक्षरं कोरली, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण ती अक्षरं डोळ्यांनी पाहिलेली माणसं दोनच, एक आबा आणि एक तू. तू तिसरीत असताना तो तुला, थोरल्या नातीला, हाताला धरून घेऊन गेला होता. मी तेव्हा पाळण्यात होतो. आईला विचारलं तर म्हणाली, "मले काय ठाऊक, मी तं त्या शाळेची पायरी नाही चढली."

म्हणून विचारतो. तो दगड कोणता?

मला विचारायचा हक्क नाही हे कळतं. आबा अंथरुणावर होता तेव्हा तू मला तीन वेळा सांगितलं होतंस की त्या दगडाचा एक फोटो काढ आणि आबाला दाखव. गाव इथून सव्वीस किलोमीटर. मी लग्नाच्या ऑर्डरी करत राहिलो. १४ फेब्रुवारी २०२३ ला आबा गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "साऱ्या जिल्ह्यातले नवरदेव दिसतात याले, आबाचा एक गोटा नाही दिसला." ते तुझं शेवटचं बोलणं. त्यात खोटं काही नव्हतं.

त्यानंतर मी दर मंगळवारी दुकान बंद ठेवून पडक्या इमारतींचे फोटो काढतो. बंद पडलेली जिनिंग, छोट्या गाडीची ओस स्टेशनं, डाकबंगला, धर्मशाळा. चारी बाजूंनी चार, दाराचा एक, पायरीचा एक, शेजारी एक मीटरची काठी उभी करून. वहीत तारीख आणि वेळ लिहितो. एकतीस इमारती झाल्या. त्यातल्या नऊ आता जागेवर नाहीत. एका जिनिंगच्या जागी मी फोटो काढल्यापासून अकराव्या दिवशी मंगल कार्यालयाची पाटी लागली, आणि त्याच कार्यालयात पुढच्या वर्षी मी लग्नाचे फोटो काढले.

एकतिसांत आपली शाळा नाही.

ओट्यावरचा कितवा दगड, डावीकडून की उजवीकडून, एवढं लिहिलंस तरी पुरे. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

तुझा,
अनुप


दिनांक ८ मे, गुरुवार
दुपारी २ वाजून १० मिनिटे, शाळेच्या ओट्यावर

ताई,

उत्तर नाही. पत्र पोचलं असेल, पावतीवरचा नंबर टाकून पाहिला, ६ तारखेला संध्याकाळी दिलं असं दिसतं.

आज सकाळी इथे आलो. ओटा उत्तर-दक्षिण आहे, लांबी अकरा मीटर वीस सेंटिमीटर. कडेला काळ्या दगडांची रांग आहे, पण वरून कधीतरी सिमेंटचा थर दिला आहे आणि त्या थरावर रामीबाईच्या जळणाच्या, कपाशीच्या पराट्या रचलेल्या आहेत. तीच ती, शाळेमागच्या घरातली, लहानपणी आपल्याला बोरं द्यायची.

पराट्या हलवायला लागलो तशी ती काठी टेकत आली.

"काय रे अनुप, सरकारनं तुले पगारी ठेवलं का गोटे मोजाले?"

"नाही मावशी. आबाचा गोटा पाहून राह्यलो."

"पाह्य. पण माह्या पराट्या जशा व्हत्या तशा लावजो. मागल्या खेपेस तू अन् तो सायेब आले तवा तुमी तशाच फेकून गेलते. दोन दिवस कंबर धरून बसली मी."

"लावतो."

"अन् फोटो काहाडाचा असला तं सांग, लुगडं बदलतो. मागल्या वक्ती तू नुसत्या भिंतीचेच काहाडले."

कोणता साहेब ते पुढे लिहीन.

भाड्याने छिन्नी-हातोडी आणली आहे. ऊन इतकं आहे की हातोडीचा दांडा ओल्या फडक्याने धरावा लागतो. आतापर्यंत नऊ दगडांवरचं सिमेंट काढलं. सातव्यावर एक बदाम आणि दोन इंग्रजी अक्षरं निघाली, पण ती सिमेंटच्या आधी थोडीच वर्षं कोणीतरी काढलेली. आबाला इंग्रजी येत नव्हतं आणि बदामही.

ओट्याला सेहेचाळीस दगड आहेत. दिवसाला दहा धरले तर लिलावाच्या आधी जेमतेम संपतील, आणि त्यात शनिवारी हळदीची ऑर्डर घेतलेली आहे. तू एक आकडा लिहिलास तर माझे चार दिवस वाचतील.

अनुप


दिनांक ११ मे, रविवार
सकाळी ५ वाजून ५५ मिनिटे, वाशीम

ताई,

हळदीला गेलो नाही. काल दिवसभर शाळेत होतो. सदतीस दगड झाले. काही नाही.

आता लिहितो. पहिल्या पत्रात मी लिहिलं की माझ्या वहीत आपली शाळा नाही. ते खरं आहे. पण त्यावरून मी तिथे गेलोच नव्हतो असं तुला वाटलं असेल, आणि तुला तसं वाटावं म्हणूनच मी तेवढंच लिहून थांबलो होतो.

१७ मार्चला बांधकामाचे साहेब दुकानात आले. त्यांच्या मोबाइलवरचे फोटो वरून दोनदा परत आले होते, धूसर म्हणून. म्हणाले, "जुन्या शाळेचा निर्लेखन प्रस्ताव हाये. बारा फोटो पायजे, भिंत, छत, तडे, सगळं क्लिअर."

हा शब्द मी आधी कधी वाचला नव्हता. पण मला तो आवडला. निर्माण, निर्णय, निर्धार, निर्मळ. निर्‌ने सुरू होणारे मला माहीत असलेले सगळे शब्द चांगलेच होते, आणि पुढे लेखन. मला वाटलं मी वहीत जे करतो तेच सरकारही करतंय, इमारतीची नीट नोंद. वाटलं, इतकी वर्षं ज्या दारात मी गेलो नाही तिथे आता सरकारी कामाने जायचं आहे, म्हणजे जाता येईल.

मी फार चांगले फोटो काढले, ताई. साहेबांना घेऊन सकाळी सहाला गेलो, तिरपं ऊन असतं, तडा खोल दिसतो. मागच्या भिंतीच्या तड्यात काठी घातली, बेचाळीस सेंटिमीटर आत गेली, ते आकडे दिसतील असा फोटो घेतला. वासे कुठे कुजले, कवेलू कुठे सरकले, एकही जागा सोडली नाही. माझी समजूत अशी की जेवढं वाईट नीट दिसेल तेवढी लवकर डागडुजी होईल. साहेबांनी फोटो पाहून सांगितलं, "असे फोटो असले तं फाइल एका दिवसात वर जाते." मला बाराशे रुपये दिले. मी ते फोटो वहीत लिहिले नाहीत कारण ते पैशाचं काम होतं.

ओटा पराट्यांनी झाकलेला होता. दोन-चार पेंढ्या हलवल्या, मग म्हटलं, पुन्हा येऊ. मी तेव्हासुद्धा पुन्हा येऊ म्हटलं.

अजून एक आहे. तहसीलजवळच्या झेरॉक्समध्ये चंदा टायपिंग करते. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर तिने "निर्लेखण" असं टाइप केलं होतं. मी तिला सांगून ण चा न करून घेतला. तो शब्द मी स्वतः शुद्ध करून दिला.

नोटीस लागल्यावर मी तिच्याकडे गेलो आणि विचारलं की नोंद करायची होती तर पाडतात काहून?

ती हसायला लागली. "निर्लेखन म्हंजे सरकारच्या वहीतून नाव खोडणं रे. शाळेचं तेरावं म्हण."

मी म्हटलं, निर्‌ म्हणजे चांगलं ना, निर्माण, निर्णय.

"अन् निर्बुद्ध मंधी निर्‌ नसते का?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, तीही हसली. मग माझं तोंड पाहून तिने मला खुर्ची दिली.

साहेबांकडे तीन वेळा गेलो. बाराशे परत घेऊन गेलो, त्यांनी घेतले नाहीत. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "अरे बावा, उद्या ते छत एखाद्या लेकराच्या अंगावर पडलं तं कोणाले धरतीन? तूच दाखवलं ना किती कुजलं ते." मग मी आबाचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कोणता गोटा ते दाखव. ठेकेदाराले सांगून बाजूले काहाडून ठेवतो. पण कोणता ते सांगशीन तवा."

म्हणजे दगड वाचतो, ताई. फक्त तो कोणता हे सांगावं लागतं आणि ते मला येत नाही.

तुला माझा राग आहे तो ठेव. आता त्यात हेही घाल. पण दगडाचं सांग.

अनुप


दिनांक १४ मे, बुधवार
सायंकाळी ५ वाजून २० मिनिटे, चावडीसमोर

ताई,

सेहेचाळीसही दगड झाले. पायऱ्यांचे सहाही पाहिले. कोळशाची भुकटी चोळून पाहिली, बॅटरी तिरपी धरून पाहिली. कशावरही आबाची अक्षरं नाहीत.

लिलाव झाला. हरीओम नावाच्या ठेकेदाराने घेतला. उद्या सकाळी आठला जेसीबी येणार. मी त्याला म्हटलं की ओट्याकडून सुरू करू नका, मागून करा, म्हणजे मला एक दिवस मिळेल. तो म्हणाला, "मले कायचं, मागून करतो. तसंही ट्रालीले मागूनच वाट हाये."

कदाचित अक्षरं पुसली गेली असतील. कदाचित आबाने नुसतं सांगितलं असेल. पण तू पाहिलीस ना? आई म्हणते तू तेव्हा घरी येऊन बोट दाखवलं होतंस, बोटाला माती लागली होती.

एवढंच लिहितो, पोस्टाची खिडकी साडेपाचला बंद होते.

अनुप


दिनांक १९ मे, सोमवार
सकाळी ७ वाजून ५ मिनिटे, वाशीम

ताई,

तुझं पत्र १६ तारखेला शुक्रवारी दुपारी पावणेएकला मिळालं. तू १३ ला लिहिलं आहेस. मी ते दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या वाचलं. मला आता ते पाठ आहे.

"अनुप, ओट्यावर कायले शोधतो? ओटा शाळेतच धरत होते. आबाले ओट्यावर कोण बसू देणार होतं? मागच्या अंगाला, पूर्वेच्या खिडकीखाली, जमिनीला लागून एक लांब दगड आहे. मास्तर आत शिकवायचा, आबा खिडकीखाली मातीत बसून ऐकायचा. क ते ढ, बारा अक्षरं. मी ढपर्यंतच शिकलो, मंग गुरं आली, असं म्हणायचा. सापडला तर कळव."

शाळेच्या बाहेर बसून शिकला, हे मी जन्मापासून ऐकतो आहे. बाहेर म्हणजे ओटा, असंच मी समजत आलो. मी स्वतः ओट्यावर बसून डबा खाल्लेला आहे.

आणि मागून पाडा, असं मीच सांगितलं होतं.

शुक्रवारी दीडला तिथे पोचलो तेव्हा मागची भिंत पायासकट गेली होती. खिडकीची चौकट रामीबाईच्या दारात टेकवून ठेवली होती. तिच्या उरलेल्या पराट्यांवरून जेसीबी गेला होता आणि ती ड्रायव्हरला अशा शिव्या देत होती की त्याने मशीन बंद करून तिला पाणी विचारलं. हरीओम म्हणाला की मागचे दगड चार ट्राली झाले, गुरुवारी रात्रीच सोमला राठोडांच्या शेतात टाकले. त्यांची रोजगार हमीची विहीर बांधून होत आहे, तिला.

मी तसाच गाडीवर गेलो. सोमलाकाका बाजेवर बसले होते. म्हटलं, काका, एक गोटा पाह्याचा आहे, अक्षरं असलेला.

"चार ट्राली गोटे हायेत. आमी काही वाचून नाही घेतले."

त्यांची बायको दुर्गाबाई म्हणाली, "पाहू द्या. गोटे पाहाले पैसे पडत नाहीत. पण उलटे करशीन ते सुलटे करून ठेव."

शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार पूर्ण, मी दगड उलटत होतो. प्रत्येक पाहिलेल्या दगडावर खडूने फुली मारली. तीनशे बारा फुल्या झाल्या. शनिवारी संध्याकाळी डाव्या हाताचं मधलं बोट दगडाखाली आलं, नख काळं पडलं आहे, बाकी ठीक. सगळा ढीग संपला आणि मी त्या ढिगाच्या जागी मातीत बसलो. मला तुला काय लिहायचं तेच सुचेना. आबाने बारा अक्षरं लिहिली आणि ती मी पाडून दिली, हे वाक्य मी मनात चार वेळा शुद्ध करून पाहिलं.

रविवारी सकाळी नुसता हातोडी परत घ्यायला गेलो होतो. गवंडी हेमला विहिरीत परांचीवर उभा राहून काम करत होता. त्याने खालून विचारलं, "ओ फोटोवाले, तुमचा तो क कसा असते? पोट दोन्हीकून असते का एकीकून?"

मी काठावर पालथा पडून हवेत बोट फिरवून दाखवलं. दोन्हीकडून.

"असा तं हाये एक इथं. परवा दुपारीच बसवला. लांबट व्हता, बरा वाटला."

मी ढीग उलटत होतो तेव्हा तो विहिरीत बसलेला होता, ताई. सपाट बाजू पुढे म्हणून अक्षरंही पुढेच.

कमरेला दोर बांधून उतरलो. पाण्यापासून साधारण दीड पुरुष वर आहे. आत सावली होती, समोरून पाहिलं तर नुसता खरबरीत काळा दगड. बोट फिरवलं तेव्हा क लागला. कोरलेलं दिसायला ऊन बाजूने यावं लागतं, आणि विहिरीत ऊन बाजूने कुठून येणार? मी वर ओरडून आरसा मागितला. आरसा नव्हता. दुर्गाबाईने पितळेची परात आणली, काठावर धरली आणि तिच्यातून ऊन खाली टाकलं.

"डावीकडे जरा, काकू."

"लग्नातबी असंच सांगतो का रे नवरीले?"

"थोडं खाली."

"माह्ये हात भाजून राह्यले. काहाड लवकर."

ऊन दगडावर आडवं आलं आणि अक्षरं उभी राहिली. क ख ग घ च छ ज झ, एक ओळ. खाली ट ठ ड ढ. बारा. तू लिहिलंस तसंच.

ताई, त्याच्या खाली अजून आहे.

ढ च्या खाली दगडाचा रंग बदलतो. तिथपर्यंत माती चढलेली होती, इतक्या वर्षांत भिंतीलगत दीड वीत तरी चढली असेल. तू पाहिलंस ते मातीच्या वरचं. खालचं झाकलेलं होतं, म्हणून झिजलेलं नाही, काल कोरल्यासारखं धारदार आहे. ण त थ द ध न. प फ ब भ म. य र ल व श ष स ह ळ. तीन ओळी. ध आणि भ ची वरची रेघ त्याने बरोबर तोडलेली आहे. त्यासाठी मी चौथीत छड्या खाल्ल्या होत्या. ळ च्या नंतर दगड संपतो.

तो ढपर्यंत शिकला नव्हता. आपल्याला तसं का सांगायचा ते मला माहीत नाही. तुला काही सांगितलं होतं का?

मी बावीस फोटो काढले. त्यातला एक सोबत पाठवतो आहे, आठ बाय बारा. फोटोत डावीकडे जो अंगठा आहे तो हेमलाचा, दगड धरायची गरज नव्हती, पण तो म्हणाला माह्याबी येऊ द्या.

दगड काढून देता का, असं मी विचारलं. सोमलाकाका म्हणाले की हेमलाने त्यावर अजून दोन थर चढवले आहेत, ते खोलावे लागतील, आणि विहिरीच्या मोजणीला साहेब बुधवारी येणार आहेत. मग म्हणाले, "पण तुमच्या आजाचा हाये. तुमी म्हणान तं खोलतो." मी आईला गाडीवर बसवून नेलं. ती काठावर बसली, वाकून बराच वेळ पाहत राहिली. दुर्गाबाईने पाणी दिलं ते प्यायली. मग मला म्हणाली, "सुकेशनीले इचार. मी काही सांगत नाही."

म्हणून तुला विचारतो. खोलायचं का राहू द्यायचं? मृगाचा पाऊस लागला की पाणी त्या थरापर्यंत चढेल असं काका म्हणतात, मग उन्हाळ्यापर्यंत दिसणार नाही. तीन आठवडे आहेत. मला ठरवता येत नाही, आणि या दगडाच्या बाबतीत मी जे जे ठरवलं ते तुला माहीत आहे. तू येऊन पाहा आणि सांग. बोलली नाहीस तरी चालेल, काठावरून मानेने सांग.

पैशांचं लिहून ठेवतो, कारण आई विचारेल आणि मला खोटं सांगता येऊ नये.

झालेला खर्च:
छिन्नी-हातोडी, भाडं: १८०
पेट्रोल: ६४०
स्पीड पोस्ट, हे धरून पाच: २०५
हेमलाचा खोळंबा, अर्धा दिवस: ३००
मोठ्या फोटोचा कागद: १२०
हळदीवाल्यांना इसारातले परत दिले: १,०००
एकूण: २,४४५

देणं:
हळदीवाल्यांचा उरलेला इसार: २,०००
रामीबाईला पराट्यांचे: ४००
एकूण: २,४००

बाजूला काढून ठेवलेले, यातून काही द्यायचं नाही:
नागपूर ते वाशीम, एसटी, बाईमाणसाचं अर्धं तिकीट, जाऊन येऊन: ४३०

अनुप